जगात जर्मन शेफर्ड, भारतात परभणी

दर रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर एक अनधिकृत पालकसभा भरते. मुलांची नाही, कुत्र्यांची! सगळे ट्रॅक पँटमध्ये, एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात कटिंग, आणि विषय एकच : कोणाचा किती हुशार. 'आमचा रॉकी शेकहँड करतो', 'आमची सोफी पेपर आणून देते', 'आमच्या ब्रूनोला मराठी आणि इंग्लिश दोन्ही कळतं'... आणि मग सगळ्यांच्या नजरा हळूच माझ्या पायाशी येऊन थांबतात. तिथं चिवडा नावाचा चौदा महिन्यांचा बीगल कुणीतरी टाकलेल्या वडापावच्या कागदाशी गहन चर्चा करत असतो.

चिवड्याला 'बस' म्हटलं की तो उभा राहतो. 'ये' म्हटलं की आधी नाक जमिनीला लावतो, मग विचार करतो, आणि मग भलतीकडेच जातो. ट्रेनरने सहा आठवडे घेतले आणि सातव्या आठवड्यात माझा फोन घेणं बंद केलं.

आमच्या विंगमध्ये एक काका आहेत. त्यांच्याकडे जर्मन शेफर्ड आहे आणि तो खरोखरच काकांपेक्षा शिस्तीत चालतो. मागे एका रविवारी त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, 'वाईट वाटून घेऊ नका, पण बीगल जातच मठ्ठ. लिस्ट आहे तशी. आमचा तिसरा आहे.' तिसरा म्हणजे काय, ते मला कळलंच नाही. वाटलं, आधीचे दोन वारले असतील.

घरी येऊन शोधलं तर लिस्ट खरंच निघाली. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक स्टॅन्ली कोरन यांनी १९९४ मध्ये 'द इंटेलिजन्स ऑफ डॉग्ज' हे पुस्तक लिहिलं. त्यात कुत्र्यांच्या जातींना चक्क ७९ पर्यंत नंबर दिलेले आहेत. पहिला बॉर्डर कोली, दुसरा पूडल, तिसरा जर्मन शेफर्ड, मग गोल्डन रिट्रीव्हर आणि डॉबरमन. लॅब्रेडॉर सातवा. सगळ्यात तळाला अफगाण हाउंड, त्याच्या जरा वर बसेंजी आणि बुलडॉग. आमचे चिरंजीव शेवटच्या दहांत. वरच्या दहा जातींना नवी आज्ञा पाचपेक्षा कमी वेळा सांगून कळते आणि पहिल्या हाकेला त्या ९५ टक्के वेळा ऐकतात. तळाच्यांना तीच गोष्ट ८० ते १०० वेळा सांगावी लागते, आणि एवढं करून चार हाकांमधली एक तरी ऐकतील याची गॅरंटी नाही.

वाचून मला जाम वाईट वाटलं. त्याच आठवड्यात ऑफिसात माझं अप्रेझल झालं होतं आणि मला 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' मिळालं होतं. म्हणजे ना पास, ना नापास. एका वन-बीएचकेमध्ये असे किती जण ठेवायचे? रात्री मोबाइलवर एक मेसेज टाइप केला : 'बीगल, १४ महिने, सर्व इंजेक्शनं झालेली, चांगल्या घरी देणे आहे.' पाठवला नाही. ड्राफ्टमध्ये ठेवला. आणि मग दिवाळी आली, तसा एक जास्त सभ्य उपाय सुचला. मामाचं शेत! मोकळी हवा, हिंडायला जागा, जोडीला मामाचा काळ्या. कुत्रं सोडून देणाऱ्या प्रत्येकाला नेमकी तेव्हाच मोकळी हवा आठवते, हे मला आता कळतंय. तेव्हा मात्र मी स्वतःवर खूश होतो.

मामाचा आखाडा गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या अलीकडे. (शेतातल्या घराला आमच्या परभणीकडे आखाडा म्हणतात. पुण्यात हा शब्द वापरला तर लोक विचारतात, कुस्ती खेळता का?) पुण्याहून गाडीने आठ-नऊ तास. परभणीच्या माणसाला गाव विचारलं की एक वाक्य आपोआप येतं : 'जगात जर्मनी, भारतात परभणी!' या रँकिंगचा सर्व्हे कुणी केला, निकष काय होते, नंबर दोन कोण, असले प्रश्न परभणीत विचारायचे नसतात. आम्ही पहिले आहोत, विषय संपला.

पण कुत्र्यांच्या लिस्टच्या बाबतीत मी तो प्रश्न विचारला, आणि गंमतच निघाली. कोरनसाहेबांनी कुठल्याही कुत्र्याची परीक्षा घेतली नव्हती. अमेरिका आणि कॅनडात कुत्र्यांच्या आज्ञापालनाच्या स्पर्धा होतात. तिथल्या सुमारे २०० परीक्षकांना त्यांनी प्रश्नावली पाठवून त्यांची मतं घेतली. ज्या जातीबद्दल किमान १०० परीक्षकांनी मत दिलं, तीच लिस्टमध्ये आली. कोरन माणूस प्रामाणिक. त्यांनी पुस्तकातच सांगितलंय की कुत्र्याची बुद्धी तीन प्रकारची. एक उपजत, म्हणजे ज्या कामासाठी ती जात घडवली ते काम. दुसरी, स्वतःच्या डोक्याने अडचण सोडवण्याची. आणि तिसरी, माणसाने सांगितलेलं शिकण्याची. लिस्ट आहे ती फक्त तिसरीची. पुस्तक जगभर गेलं, पण पहिल्या दोन बुद्धी मागेच राहिल्या. पालकसभेपर्यंत पोचला तो फक्त नंबर.

त्याच पुस्तकात दुसऱ्या प्रकारच्या बुद्धीसाठी घरी करून बघण्यासारख्या चाचण्याही आहेत. एक अशी : कुत्र्याच्या डोक्यावर टॉवेल टाकायचा आणि तो किती सेकंदांत सुटतो ते मोजायचं. दिवाळीची सुट्टी, फराळ झालेला, करायला काही नाही. मी आखाड्यावर परीक्षा केंद्र उघडलं. परीक्षार्थी चार. आमचा चिवडा. मामाचा काळ्या, शुद्ध गावठी. मामेभावाने परभणीहून आणलेला मेजर, जर्मन शेफर्ड. आणि शेजारच्या शेतातली राणी, पश्मी जातीची. पर्यवेक्षक म्हणून बाजेवर मामा आणि नुकतीच न्यू जर्सीहून लेकीकडून परतलेली मावशी.

मेजरवर टॉवेल टाकला. त्याने दोन झटक्यांत काढला आणि 'पुढचा प्रश्न?' अशा चेहऱ्याने भावाकडे बघत बसला. सॉल्लिड! राणीवर टाकला, तर ती पुतळ्यासारखी उभी राहिली. अर्धा मिनिट झाला, तरी ढिम्म नाही. मग मान एकदा हलवली, टॉवेल खाली पडला, आणि बाई आमच्याकडे ढुंकूनही न बघता निघून गेल्या. काळ्या टॉवेल डोक्यावर पडायच्या आतच तो तोंडात धरून पळाला, तो टॉवेल संध्याकाळी हरभऱ्याच्या बांधावर सापडला. आणि चिवडा? चिवडा टॉवेलखाली झोपला. घोरायला लागला.

'नापास!' मामेभाऊ ओरडला.

'काय नापास?' मावशी एकदम उठून बसली. ती मघापासून चिवड्याकडे टक लावून बघत होती. 'अगं बाई, हाच तो! याच्याच जातीतल्यानं धरलं मला एअरपोर्टवर!' मावशीने लेकीसाठी बॅगेत साड्यांच्या घडीत चार हापूस लपवले होते. एक छोटं कुत्रं आलं, बॅग हुंगली आणि शांतपणे शेजारी बसलं. आंबे गेले. तो बीगल होता. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर बीगल कामाला लावले आणि पुढे त्या पथकाचं नावच 'बीगल ब्रिगेड' पडलं. लिस्टमधले शेवटच्या दहांतले हे विद्यार्थी हजारो बॅगांमधून फळं आणि मटण हुडकून काढतात. बीगलच्याच खालच्या बाकावर ब्लडहाउंड बसतो. माग काढण्यात त्याचा हात धरणारा कुत्रा सापडणं कठीण, तरी मार्कलिस्टमध्ये तो तळाशीच.

म्हणजे आज्ञा पाळणं फालतू, असं अजिबात नाही. १९९३ च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या झंजीर या लॅब्रेडॉरने तीन हजार किलोंपेक्षा जास्त आरडीएक्स शोधून दिलं. तो २००० मध्ये गेला तेव्हा त्याला पोलिसी इतमामात निरोप दिला गेला. त्याचं नाक पहिल्या प्रकारचं आणि ट्रेनिंग तिसऱ्या प्रकारचं, दोन्ही एकत्र आलं म्हणून मुंबई वाचली. बॉर्डर कोलीचंही खोटं नाही. २००४ मध्ये जर्मनीतल्या रिको नावाच्या कोलीला २०० हून अधिक वस्तूंची नावं कळतात असं शास्त्रज्ञांनी दाखवलं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या चेझरने १,०२२ खेळण्यांची नावं पाठ करून त्याच्यावर कडी केली. मेंढपाळाच्या शिट्टीसरशी शेकडो मेंढ्या डावी-उजवीकडे वळवण्यासाठी घडवलेली ही जात. माणसाच्या तोंडाकडे लक्ष ठेवणं हेच तिचं काम.

पण राणीचं काम तसं नव्हतं ना! पश्मी आणि कारवान ही आपल्या दख्खनची शिकारी कुत्री. उंच, सडपातळ, पोट आत गेलेलं, लांब तोंड. पश्मीच्या कानाला आणि शेपटीला रेशमी केस. काफिल्यांबरोबर मध्य आशियातून आली, असं सांगतात. शेजारच्या लातूर जिल्ह्यातलं जानवळ हे गाव कारवान कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. कर्नाटकातलं मुधोळ हाउंड यांचंच भावकीतलं. त्याचं तर २००५ मध्ये पोस्टाचं तिकीटही निघालं. ही कुत्री वासावर नाही, नजरेवर धावतात. समोर ससा सुटला की मालक कुठच्या कुठे मागे राहतो. त्या वेळी कुत्रं 'आता काय करू, साहेब?' म्हणून मागे वळून बघायला लागलं तर ससा पुढच्या तालुक्यात! सगळे निर्णय त्यालाच घ्यावे लागतात, तेही पळता पळता. (आता १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा राणी फक्त रुबाब करते.) लिस्टमधला शेवटचा अफगाण हाउंड याच पठडीतला. तो ऐकत नाही, कारण त्याच्या पूर्वजांना ऐकत बसायला वेळ नव्हता. आमची राणी तर लिस्टमध्येही नाही. तिला अमेरिकेतल्या परीक्षकांनी कधी पाहिलेलंच नाही.

दुसरा पेपर होता डब्याचा. दोन डबे पालथे, एकाखाली बिस्किट. चिवड्याने दोन सेकंदांत बिस्किट खाल्लं आणि मग माझ्या बॅगेची चेन उघडून अख्खा पुडाच शोधला. काळ्याने डब्यांकडे पाहिलंच नाही. तो माझ्याकडे बघत बसला. मी सहज त्या डब्याकडे बोट केलं, तसा थेट तिकडे गेला. मला वाटलं योगायोग. पण कोलकात्याच्या आयसर या संस्थेतल्या संशोधकांनी हाच प्रयोग आपल्या शहरांतल्या १६० मोकाट कुत्र्यांवर केला होता. २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्मी कुत्री जवळच आली नाहीत. माणसांचा अनुभव, दुसरं काय! पण जी आली, त्यातल्या सुमारे ८० टक्के कुत्र्यांनी माणसाने दाखवलेलाच डबा निवडला. कुणी शिकवलेलं नाही, पट्टा नाही, ट्रेनर नाही. माणूस वाचता आला तर जेवण, नाही आला तर दगड. हीच त्यांची शाळा.

रात्री मेजर भावासोबत परभणीला गेला आणि मी आखाड्यावरच झोपलो. शेजारी चिवडा, दाराशी काळ्या. त्या आठवड्यात शेतीच्या लाइटची पाळी रात्रीची होती. म्हणजे मामाची नाइट शिफ्ट. लाइट कधी येईल याचा नेम नाही, आणि आली की उठून मोटार लावायची, नाही तर हरभऱ्याचं पाणी गेलं.

बाराच्या सुमारास दारावरचा बल्ब मिणमिणला. मी जागा होतो. काळ्याने एक डोळा उघडला, बल्बकडे पाहिलं आणि पुन्हा झोपला. मला वाटलं, मामाला उठवावं. तेवढ्यात बल्ब विझला. अडीच वाजता तो पुन्हा पेटला, या वेळी लख्ख. काळ्या तडक उठला, बाजेपाशी गेला आणि मामाच्या पायाला नाक लावून ढुसण्या द्यायला लागला. मामा उठला, पायात चप्पल सरकवली आणि विहिरीकडे चालू पडला. काळ्या पुढे, मामा मागे, मी त्यांच्या मागे.

'मामा, हे तुम्ही शिकवलं त्याला?'

'म्या कशाला शिकवू? आधी आधी बल्ब पेटला की उठवायचं. पण मंद लाइटावर मोटार उचलत न्हाई. मग म्या शिव्या घालून परत झोपायचो. आता मंद असला तर उठवतच न्हाई. सोताच शिकलं.'

मी गप्प. मामाने मोटार लावली, पाइपातून पाण्याचा आवाज आला. मग अंधारातच म्हणाला, 'तुझ्या त्या यादीत लाइटीचा पेपर हाय का रे?'

नव्हता. आणि आज्ञापालनाच्या परीक्षेत तर काळ्याला मार्क शून्य. 'बस' म्हटलेलं त्याने जन्मात ऐकलेलं नाही. अंध व्यक्तींसाठी जी कुत्री तयार करतात, त्यांना एक धडा मुद्दाम देतात : मालक 'चल' म्हणाला आणि समोरून गाडी येत असेल, तर ऐकायचं नाही. म्हणजे लिस्टमधल्या पहिल्या दहांतल्या लॅब्रेडॉरलाही सगळ्यात वरचा वर्ग गाठायचा तर न ऐकायला शिकावं लागतं!

सकाळी मी विषय काढला. चिवड्याला इथंच ठेवू का, मोकळी हवा आहे वगैरे वगैरे. मामाने चहा बशीत ओतला. 'ठिव की. पण काय करंल इथं? काळ्याला रान म्हाईत हाय. हे बिचारं वासामागं जाईल अन् रानडुकराच्या तोंडी पडंल.' मग फुंकर मारत म्हणाला, 'तुला कुत्रं नको झालंय, का तुझं ऐकणारं कुत्रं पायजेल हाय? ते आधी ठरव लेका.'

परतीच्या आठ-नऊ तासांत मी तेच ठरवत होतो. चिवडा मागच्या सीटवर, नाक खिडकीच्या फटीला. मी त्याला कशासाठी आणलं होतं? कारण एका मित्राकडे होता आणि कान गोड होते. कळपाने, नाक जमिनीला लावून सशाचा माग काढण्यासाठी घडवलेल्या जातीला मी चौथ्या मजल्यावर फरशीवर बसवलं, आणि तो बोअर होऊन सोफा फाडायला लागला तर मठ्ठ म्हटलं.

जातीवर सगळं ढकलणंही खरं नाहीच. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. त्यात १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले होते आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचे डीएनए तपासले होते. निष्कर्ष असा की कुत्र्याकुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जातीमुळे समजावता येतो तो फक्त ९ टक्क्यांच्या आसपास. माणसाचं ऐकण्याच्या बाबतीत जातीचा हात जरा जास्त, पण नुसती जात कळली म्हणून तुमचा कुत्रा कसा निघेल हे सांगता येत नाही. तेव्हा कुत्रा आणायचा विचार असेल तर नंबर बघू नका. आपल्याकडे रोज किती वेळ आहे ते बघा, आणि त्या जातीचं मूळ काम काय होतं ते विचारा. बॉर्डर कोली पहिला आहे खरा, पण त्याला मेंढ्या लागतात. मेंढ्या नसतील तर तो तुमच्या पाहुण्यांना वळतो.

मी काय केलं? ट्रेनर बंद. आता रोज सकाळी चिवड्याचा नाश्ता ताटलीत नाही. जुन्या पेपरच्या बोळ्यांत, टॉवेलच्या घड्यांत, बुटाच्या खोक्यांत लपवतो आणि 'शोध' म्हणतो. वीस मिनिटं घरात पिनड्रॉप शांतता. नाकाचं काम झालं की तो दमून झोपतो. सोफा शाबूत आहे. मावशीच्या विमानतळाची आठवण ठेवून एकच नियम घातला : सापडलं की शेजारी बसायचं, मग दुप्पट खाऊ. हा नियम त्याला चार दिवसांत कळला. 'बस' म्हटलं तर तो अजूनही उभाच राहतो. ड्राफ्टमधला मेसेज मात्र डिलीट केलाय.

गेल्या रविवारी पुन्हा पालकसभा. जर्मन शेफर्ड काकांच्या डाव्या पायाशी अटेन्शनमध्ये. काका म्हणाले, 'काय, शिकलं का काही तुमचं ध्यान?' मी उत्तर द्यायच्या आत चिवडा त्यांच्या ट्रॅक पँटच्या खिशापाशी गेला, दोनदा हुंगलं आणि शिस्तीत शेजारी बसला. सगळे बघायला लागले. मी म्हटलं, 'काका, खिशात काहीतरी आहे.'

कागदात गुंडाळलेली बर्फी निघाली. दोन तुकडे. काकांना गेली काही वर्षं शुगर आहे आणि काकू नेमक्या शेजारीच उभ्या होत्या.

काकूंनी बर्फी ताब्यात घेतली, खाली वाकून चिवड्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि काकांकडे बघत म्हणाल्या, 'कोणत्या जातीचा आहे हो हा? फारच हुशार दिसतोय.'